गेगोंगमधली पहाट : डॉ. कोटणीस यांच्या आजारपणाचा प्रकरण अभ्यास

रुग्ण पुरुष, वय 32. मूळ गाव सोलापूर. पेशाने सर्जन. मुक्काम गेगोंग नावाचं खेडं, तांग परगणा, हपेई प्रांत, उत्तर चीन. घरी बायको आणि 108 दिवसांचं बाळ. तक्रार : आकडी. एकामागून एक झटके येत गेले आणि 9 डिसेंबर 1942 च्या पहाटे मृत्यू.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची ओळख मी अशा कोरड्या नोंदीने करून देतो, याचं कारण आहे. परदेशात, आडवळणाच्या भागात वैद्यकीय कामाला जाणाऱ्या मुलामुलींसमोर मी वर्षातून दोन-तीनदा बोलतो. कोटणीस हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. सोलापूरचे असतील त्यांना भैया चौकातलं स्मारक माहीत असतं. पण हा माणूस नेमका कशाने गेला, हे विचारलं की वर्गात शांतता पसरते. कोणी म्हणतं युद्धात, कोणी म्हणतं प्लेगने. आपण त्यांचं बलिदान लक्षात ठेवलं आणि आजार विसरलो. माझ्या मते शिकण्यासारखं पुष्कळसं त्या आजारातच आहे.

आधी पूर्वपीठिका. जन्म 10 ऑक्टोबर 1910. शिक्षण मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात, म्हणजे आपल्या केईएमच्या आवारात. 1937 मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी 1938 च्या जून अखेरीस जाहीर आवाहन केलं, वर्गणी जमली आणि पाच जणांचं पथक ठरलं : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी हे पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघालं. कोटणीसांची तेव्हा अठ्ठावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

कँटन, हँकौ, चुंगकिंग असा प्रवास करत 1939 च्या फेब्रुवारीत पथक कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्याला, येनानला, पोचलं. या प्रवासातच सोलापुरात वडील वारल्याची बातमी कोटणीसांना मिळाली. परत जावं असं सोबतच्यांनी सुचवलं. ते गेले नाहीत. चरित्रात ही गोष्ट धैर्याचा प्रसंग म्हणून येते आणि ती तशी आहेच. मी मात्र वर्गात इथे एक खूण करायला सांगतो : परतीची पहिली संधी, नकार.

पुढे पथक विरळ होत गेलं. मुखर्जी तब्येतीमुळे परतले, चोळकर परतले, नंतर अटलही परतले. राहिले बसू आणि कोटणीस. दोघं 1940 च्या उन्हाळ्यात शत्रूच्या फळीमागे असलेल्या जिन-चा-जी या सीमावर्ती प्रदेशात पोचले. ताइहांग आणि वूताई डोंगरांमधला हा मुलूख. पूर्वेला आणि पश्चिमेला रेल्वेमार्ग, दोन्ही जपान्यांच्या ताब्यात. बसू नंतर येनानला गेले. कोटणीस तिथेच राहिले आणि त्या भागातले एकमेव भारतीय डॉक्टर झाले.

याच तांग परगण्यात आदल्या वर्षी आणखी एक परदेशी डॉक्टर आजारी पडून गेला होता. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून. 1939 च्या ऑक्टोबर अखेरीस शस्त्रक्रिया करताना त्यांचं बोट कापलं. हातात मोजे नव्हते. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी हुआंगशिकौ या खेड्यात ते गेले, वय 49. पेनिसिलिन अजून कोणत्याच दवाखान्यात नव्हतं. कोटणीस ज्या रुग्णालयाचे पुढे संचालक झाले, त्याला बेथ्यून यांचंच नाव दिलेलं होतं. म्हणजे इथे डॉक्टरला काही झालं तर काय होतं, हे दारावरच लिहिलेलं होतं.

बेथ्यून यांचा आजार मात्र उघड होता. बोट सुजलेलं दिसत होतं, ताप हाताला लागत होता, आणि पंधरवड्यात सगळं संपलं. कोटणीसांचा आजार वेगळ्या जातीचा होता. आकडी येते, माणूस पडतो, काही मिनिटांनी उठतो, तोंड धुतो आणि कामाला लागतो. मधल्या दिवसांत तो पूर्ण धडधाकट दिसतो. आपल्याकडच्या घरांत हे चांगलं माहीत आहे. फीट, फेफरं, मिरगी अशी नावं घेतली जातात, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरली जाते आणि मुलीचं लग्न ठरायचं असेल तर शेजाऱ्यांनाही कळू दिलं जात नाही. दोन झटक्यांच्या मधला काळच या आजारात फसवा असतो, कारण त्या काळात रुग्णही स्वतःला बरा समजतो आणि भोवतालचेही.

आता त्यांच्या दिनक्रमाकडे बघू. 1940 च्या मोठ्या लढाईत त्यांनी 72 तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या मोहिमेत 800 वर जखमींवर उपचार केले, असं त्यांच्या चरित्रांमध्ये नोंदलेलं आहे. जानेवारी 1941 पासून ते रुग्णालयाचे संचालक. शिवाय बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत शिकवणं, तेही चिनी भाषेत, जी त्यांनी तिथे जाऊन आत्मसात केली होती. शिवाय विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहिणं. 1941 मध्ये परिचारिकांना शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी लग्न झालं आणि 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

1941 आणि 1942 ही दोन वर्षं त्या मुलखाला फार वाईट गेली. जाळा, मारा, लुटा या धोरणाने जपानी फौजा गावंच्या गावं उठवत होत्या. रुग्णालय एका जागी राहत नसे. धाड येणार असं कळलं की जखमींना डोलीत घालून डोंगरात हलवायचं, धाड ओसरली की परत यायचं. धान्याची टंचाई, औषधांची नाकेबंदी. ज्याला आकडीचा आजार आहे त्याच्यासाठी यापेक्षा प्रतिकूल दिनक्रम सांगता येणार नाही. झोपमोड हे झटका ओढवणाऱ्या कारणांमधलं सगळ्यात ओळखीचं कारण. उपासमार आणि सतत वाहिलेला ताण त्याला हातभार लावतात.

एकदा हा भाग सांगून झाल्यावर शेवटच्या बाकावरची एक परिचारिका उभी राहिली. लातूरकडची मुलगी, हातात वही. तिने विचारलं, “सर, त्यांना ‘जा, झोपा आता’ म्हणणारं तिथे कोण होतं?” त्या दिवशी मी पुढचं बोलायचं ते बाजूला ठेवलं आणि तासभर आम्ही फक्त या प्रश्नावर बोललो. तेव्हापासून माझ्या मांडणीचा कणाच तो प्रश्न आहे.

कारणमीमांसा करताना मी तर्क आणि तथ्य वेगळं ठेवतो. तिशीतला माणूस, घर सोडून दुसऱ्या मुलखात राहायला गेलेला, आणि त्याला आकडी. आजचा डॉक्टर पहिली शंका घेईल ती मेंदूतल्या गाठीची : फीतकृमीच्या अळ्यांची गाठ, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, किंवा क्षयाची गाठ. डुकरं मोकळी हिंडतात आणि उघड्यावर शौचाला बसतात अशा प्रत्येक मुलखात हा फीतकृमीचा आजार सापडतो, आपल्याकडेही सापडतो. इथे एक गैरसमज मी आवर्जून दूर करतो. “आम्ही डुकराचं मांस खात नाही, आम्हाला काय होणार?” असं शाकाहारी मुलं हमखास म्हणतात. अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात जंत होतो. मेंदूत गाठ होते ती या जंताची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून येतात आणि पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातून कुणाच्याही पोटात जाऊ शकतात, जन्मात मांस न शिवलेल्याच्याही. कोटणीसांना हेच झालं होतं असं मी म्हणत नाही. आज असा रुग्ण समोर आला तर आम्ही मेंदूचा स्कॅन काढू आणि तासाभरात चित्र दिसेल. माणसाच्या डोक्याचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये 1971 साली झाला, त्यांच्या मृत्यूनंतर 29 वर्षांनी.

कारण न कळताही झटके आवरता आले असते, हे मात्र ठामपणे सांगतो. फिनोबार्बिटल हे औषध ल्युमिनल या नावाने 1912 पासून बाजारात होतं. रोज रात्री घ्यायची, स्वस्त, साधी गोळी. फेनिटॉइन आकडीवर चालतं हे अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी 1938 मध्ये दाखवलं, म्हणजे कोटणीस ज्या वर्षी बोटीत चढले त्याच वर्षी. डोंगरातल्या त्या रुग्णालयात जखमींसाठीच औषधं पुरत नव्हती, तिथे महिनोन्‌महिने न चुकता एकाच माणसाला एकच गोळी मिळत राहणं कठीण होतं. या आजारात गोळी मध्येच बंद पडणं हेही धोक्याचं असतं, कधी कधी सुरूच न केलेल्यापेक्षा जास्त.

मग वाटा किती होत्या? पहिली, भारतात परत. हाँगकाँग डिसेंबर 1941 मध्ये जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशातून येणारा रस्ता 1942 च्या वसंतात तुटला. 1942 च्या हिवाळ्यात ही वाट जवळपास बंद होती. दुसरी, येनान. तिथे बसू होते, मोठं रुग्णालय होतं, रात्री झोप मिळाली असती. पण मध्ये शेकडो किलोमीटर डोंगर आणि रात्रीच्या अंधारात ओलांडायचा, पहाऱ्यातला रेल्वेमार्ग. आकडी येणाऱ्या माणसाने हा प्रवास पायी किंवा घोड्यावरून करणं म्हणजे स्वतःबरोबर सोबतच्यांचाही जीव टांगणीला लावणं. तरी लोक जात-येत होते, वाट अशक्य नव्हती. वरिष्ठांनी उपचारासाठी आघाडी सोडून जायला सुचवलं होतं आणि कोटणीसांनी काम टाकून जायला नकार दिला, असं त्यांच्या चरित्रात येतं. परतीची दुसरी संधी, नकार.

तिसरी वाट कुणी फारशी बोलत नाही आणि माझं लक्ष तिथेच अडकतं. ती म्हणजे आहे तिथेच राहून काम कमी करणं. रात्रीच्या शस्त्रक्रिया दुसऱ्याने करायच्या. संचालकपद काही महिने उतरवून ठेवायचं. शिकवणं चालू, लिहिणं दिवसा, रात्री झोप. शाळेत इतर शिक्षक होते, तयार झालेले विद्यार्थी होते. या वाटेला रेल्वे ओलांडावी लागत नव्हती की ब्रह्मदेशातून जावं लागत नव्हतं. तिला फक्त एका माणसाची गरज होती, जो कोटणीसांच्या शब्दावर आपला शब्द ठेवू शकेल.

तसा माणूस तिथे असणं अवघड होतं. रुग्ण हाच रुग्णालयाचा प्रमुख. त्याचे सहकारी त्याच्या हाताखालचे, बरेचसे त्याचे विद्यार्थी. बायको त्याच संस्थेत शिकवणारी, ओली बाळंतीण. सैन्यातले वरिष्ठ त्यांच्याकडे परदेशातून आलेला पाहुणा म्हणून बघणारे, हुकूम सोडायला कचरणारे. सगळ्यांनी सुचवलं, विनवलं असेल. पण निर्णय शेवटी त्या माणसावर सोडला गेला ज्याच्या मेंदूतच आजार होता, जो थकलेला होता आणि ज्याला आपल्या नसण्याने कोण मरेल हे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. अशा माणसाने “मी राहतो” म्हणणं स्वाभाविक आहे. त्यांच्याबद्दलचा माझा आदर याने तसूभरही कमी होत नाही. त्यांना हा निर्णय एकट्याने घ्यावा लागला, याचं मला दुःख होतं.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. 2015 च्या भूकंपानंतर मी नेपाळमध्ये सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या एका गावात तीन आठवडे होतो. दहाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. ओआरएसची पाकिटं माझ्याच पेटीत होती, दिवसभर मी ती दुसऱ्यांना वाटत होतो आणि स्वतःसाठी एकही फोडलं नाही, कारण फोडलं असतं तर सोबतच्यांना कळलं असतं. दोन दिवस लपवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या जीपच्या ड्रायव्हरने माझ्या मनगटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती वर उभीच राहिली. हे त्याने माझ्याकडूनच शिकलं होतं, मी गावातल्या आयांना तसं दाखवत असे तेव्हा तो शेजारी उभा असायचा. “डाक्टर साब, आता तुम्ही बसा,” एवढंच तो म्हणाला आणि माझी पेटी उचलून जीपमध्ये ठेवली. त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

गेगोंगमधल्या त्या रात्रीकडे येऊ. 8 डिसेंबर, त्या डोंगरात कडाक्याच्या थंडीचे दिवस. संध्याकाळनंतर झटके सुरू झाले आणि थांबेनात. एका झटक्यातून माणूस शुद्धीवर येण्याआधी दुसरा येतो, तेव्हा आजाराचं रूप पालटतं. प्रत्येक झटक्यात श्वास अडखळतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, अंग तापतं, हृदयावर भार येतो. पाच मिनिटांच्या वर चाललेला झटका आपणहून थांबेल याची आशा आज आम्ही धरत नाही, लगेच औषध देतो. नाकात फवारायचं किंवा गालाच्या आत सोडायचं मिडाझोलाम आता घरच्या माणसालाही देता येतं. शिरेतून लोराझेपाम, मग पुढची औषधं, मग गरज पडली तर कृत्रिम श्वास. 1942 मध्ये मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातही अशा रुग्णाला वाचवणं सोपं नव्हतं, पण तिथे फिनोबार्बिटल होतं, पॅराल्डिहाइड होतं. गेगोंगमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी रात्रभर धडपड केली. पहाटे सगळं थांबलं.

शस्त्रक्रियेवरचं त्यांचं पुस्तक अर्धवट राहिलं. माओ त्से-तुंग यांनी शोकसंदेशात लिहिलं की सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र. त्यांना आधी त्याच भागात आणि पुढे शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात चिरविश्रांती मिळाली. यिनहुआ मोठा होऊन वैद्यकीय शिक्षण घेऊ लागला आणि 1967 मध्ये, डॉक्टर होण्याच्या उंबरठ्यावर, तोही गेला. गुओ चिंगलान 2012 पर्यंत होत्या. सोलापूर-मुंबईच्या या सासरशी त्यांनी नातं शेवटपर्यंत जपलं.

आज जाणाऱ्यांची परिस्थिती वेगळी आहे. लसी असतात, विमा असतो, सॅटेलाइट फोन असतो, हेलिकॉप्टर मागवता येतं. तरी दुर्गम भागातून आजारी स्वयंसेवक उशिरा बाहेर येतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक वेळी उशीर हेलिकॉप्टरमुळे झालेला नसतो. “अजून दोन दिवस बघू” या वाक्यामुळे झालेला असतो. ते वाक्य आजारी माणूस म्हणतो आणि बाकीचे मान देतात. मलेरियाच्या मुलखात ताप आला की 24 तासांच्या आत रक्त तपासायचं, हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. स्वतःला ताप आला की तोच माणूस “दगदगीने आलाय” म्हणतो. फाल्सिपेरम या जीवघेण्या प्रकारच्या मलेरियात जीव जायला असे दोन दिवस पुरतात.

आकडीचा पूर्वेतिहास असलेल्यांनी जाऊच नये, असं मी म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत, बऱ्याच काळात झटका नाही, सोबतच्यांना माहीत आहे, औषधाचा दुप्पट साठा दोन वेगळ्या पिशव्यांत आहे, रात्रपाळी नाही, एकट्याने गाडी चालवायची नाही, नदीत उतरायचं नाही : एवढं जुळत असेल तर जाता येतं, आणि गेलेले लोक मला माहीत आहेत. लपवून गेलेल्यांची मला काळजी वाटते. नाव कापलं जाईल या भीतीने फॉर्मवर “नाही” लिहिणारी मुलं दर वर्षी एखाद-दुसरी निघतात. त्यांना ओरडून उपयोग नसतो. खरं लिहिलं तर नाव कापणार नाही, काम बदलून देऊ, हे त्यांना आधी सांगावं लागतं आणि नंतर तसं वागावं लागतं.

लातूरकडच्या त्या मुलीच्या प्रश्नानंतर आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला. निघण्याआधी प्रत्येकाने पथकातल्या एका माणसाचं नाव त्यात लिहायचं, आणि त्या माणसाने शेजारी सही करायची. “मी आजारी पडलो तर काम थांबवायचं की नाही, आणि परत यायचं की नाही, हे ही व्यक्ती ठरवेल. मी नाही म्हणालो तरी.” पथकप्रमुखालाही हा रकाना भरावा लागतो, आणि त्याने आपल्यापेक्षा वरच्या कुणाचं नाव लिहायचं नाही. जो रोज सोबत जेवतो आणि शेजारी झोपतो, त्याचंच लिहायचं.